लेहमध्ये डाळ न शिजण्याचा दोष थंडीचा नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत लडाखच्या सहलीवरचा एक लेख नुकताच वाचला. लेख सुरेख उतरला आहे. तिथल्या उन्हाचे, कोरड्या वाऱ्याचे आणि चार पायऱ्या चढताच लागणाऱ्या धापेचे वर्णन वाचताना मला माझी स्वतःची, बऱ्याच वर्षांपूर्वीची लेहची फेरी आठवली. मात्र लेखात ओघाने असे एक विधान आले आहे की, लेहच्या थंड हवेत भांड्यातल्या पाण्याची उष्णता टिकत नाही आणि म्हणून तिथे डाळ-भात लवकर शिजत नाही. लेखिकेला बोल लावण्याचा माझा हेतू नाही, कारण हेच स्पष्टीकरण मी अनेक सुशिक्षित माणसांच्या आणि एकदा तर विज्ञान शिकवणाऱ्या एका गृहस्थांच्या तोंडूनही ऐकले आहे. परंतु छापून आलेल्या चुकीला एक प्रकारची प्रतिष्ठा मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र नेहमीपेक्षा लांबले आहे, याची मला जाणीव आहे. जागेअभावी कात्री चालवावी लागली तर ती माझ्या आठवणींवर चालवावी, आकड्यांवर चालवू नये, एवढीच विनंती.

थंडी हेच कारण असते, तर सायबेरियातील याकुत्स्क शहरात हिवाळ्यात कोणालाच धड स्वयंपाक करता आला नसता. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरतो. पण शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथल्या चुलीवरचे पाणी जवळजवळ १०० अंश सेल्सियसलाच उकळते आणि बटाटे मुंबईत लागतात तेवढ्याच वेळात शिजतात. उलट लेहमध्ये जुलैच्या भर दुपारी, नुसता सदरा घालून फिरता येईल अशा उन्हातही, पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळून मोकळे होते. बाहेर थंडी असली तर पाणी तापवायला इंधन थोडे अधिक लागते, एवढे खरे. पण ते कोणत्या तापमानाला उकळावे, हे हवेचा दाब ठरवतो, हवेचा गारवा नव्हे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथला हवेचा दाब मुंबईतल्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहूनही किंचित कमी भरतो.

आता हवेच्या दाबाचा आणि उकळण्याचा संबंध काय, हे पाहण्यासाठी आधी पाण्याचा स्वतःचा दाब समजून घ्यावा लागतो. बूच घट्ट लावलेल्या बाटलीत थोडे पाणी असेल, तर पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत निसटून वरच्या मोकळ्या जागेत जात असतात आणि तिथले काही रेणू पुन्हा पाण्यात परतत असतात. काही वेळाने जाणाऱ्यांची आणि येणाऱ्यांची संख्या सारखी होते. त्या स्थितीत वाफ जो दाब देते, तो पाण्याचा त्या तापमानाचा बाष्पदाब. बाटली लहान की मोठी, तिच्यात पाणी पेलाभर की घोटभर, याच्याशी त्या दाबाला कर्तव्य नसते. द्रव कोणता आणि तापमान किती, एवढ्या दोनच गोष्टींवर तो अवलंबून असतो. पाण्यापुरते सांगायचे तर ३० अंशांना हा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर उंच स्तंभाइतका असतो, ५० अंशांना सुमारे ९२, ७० अंशांना २३४, ९० अंशांना ५२६ आणि १०० अंशांना ७६०. हे आकडे सरळ रेषेत चढत नाहीत. ३० वरून ५० वर जाताना वीस अंशांत ६० मिलिमीटरची भर पडते, तर ९० वरून १०० वर जाताना अवघ्या दहा अंशांत २३४ मिलिमीटरची.

घरातला गॅसचा सिलिंडर याच नियमावर चालतो. त्यात प्रोपेन आणि ब्यूटेन द्रवरूपात असतात आणि तो द्रव शिल्लक आहे तोवर आतला दाब मुख्यतः तापमानावरच ठरतो. म्हणूनच दाब पाहून सिलिंडर किती उरला आहे ते कळत नाही, त्याला काट्यावरच ठेवावे लागते. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्य अंशाच्या जरासाच खाली आहे. त्यामुळे कडाक्याच्या हिवाळ्यात लेहला सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी मिणमिणू लागते. म्हणजे लेखिकेने थंडीवर ठेवलेला ठपका शेगडीच्या बाबतीत बरोबर ठरला असता. पातेल्याच्या बाबतीत तो चुकला.

इथे बाष्पीभवन आणि उकळणे यांत गल्लत होऊ नये. दोरीवरचे धोतर ३० अंशांना वाळते, ते काही उकळून नव्हे. द्रवाच्या उघड्या पृष्ठभागावरून रेणू कोणत्याही तापमानाला निसटतात आणि आसपासच्या हवेतील वाफेचा वाटा बाष्पदाबापेक्षा कमी असेल, तोवर कपडा वाळत राहतो. आषाढात कोकणात कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, कारण तिथल्या हवेतला वाफेचा वाटा बाष्पदाबाच्या अगदी जवळ जाऊन पोहोचलेला असतो. उकळताना वाफ केवळ पृष्ठभागावर तयार होत नाही, ती द्रवाच्या पोटात तयार होते, आणि तिथे तिला जागा करून घ्यावी लागते.

ही जागा कशी होते, ते चहाच्या आधणात पाहता येते. पाणी तापू लागले की प्रथम भांड्याच्या तळाला आणि कडांना बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ती पाण्यात विरघळलेली हवा असते, वाफ नव्हे. त्यानंतर तळाशी वाफेचे बुडबुडे जन्मू लागतात, पण वर चढताना कमी तापलेल्या थरात शिरताच ते चिरडून मिटतात. उकळी फुटण्याआधी आधण जे सूं सूं करते, तो या मिटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज. त्यांना चिरडणारा असतो हवेचा दाब, जो पाण्याच्या पृष्ठभागावर पडून सर्व बाजूंनी आतपर्यंत पोहोचतो. मुंबईच्या किनाऱ्यावर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो वजनाइतका असतो, म्हणजेच पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर स्तंभाइतका. बुडबुड्याच्या आत फक्त वाफ आहे आणि तिच्यापाशी जोर आहे तो त्या तापमानाच्या बाष्पदाबाएवढाच. तो बाहेरच्या दाबापेक्षा कमी असेतोवर बुडबुडा टिकू शकत नाही. सगळे पाणी तापून ज्या तापमानाला आतला जोर बाहेरच्या दाबाची बरोबरी करतो, तिथे बुडबुडे तगून वर येतात, सूं सूं बसते आणि पाणी खळखळू लागते. त्या तापमानालाच आपण उत्कलनबिंदू म्हणतो. तेव्हा ‘पाणी १०० अंशांना उकळते’ हे वाक्य निम्मे पाण्याविषयी असते आणि निम्मे समुद्रसपाटीवरच्या हवेविषयी.

बरोबरी एकदा झाली की पुढे दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, तापमान वाढत नाही. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल. म्हणून उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवल्याने बटाटे लवकर शिजत नाहीत. पाणी तेवढे लवकर आटते आणि स्वयंपाकघराच्या भिंती ओल्या होतात. हे मी घरी चाळीस वर्षे सांगत आलो आहे, यश बेताचेच आहे.

आपण जसजसे वर चढतो, तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि तिचा दाबही उतरतो. कोल्हापूर आणि पुणे ही दोन्ही शहरे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहेत. तिथे पाणी ९८ अंशांच्या थोडे पुढे उकळते. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर, साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास. कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, साडेचौऱ्याण्णवच्या आसपास. ढोबळ हिशेब असा की, दर ३०० मीटर चढाईला एक अंश उतरतो. एव्हरेस्टच्या शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक-तृतीयांश इतकाच उरतो आणि पाणी ७१-७२ अंशांनाच उकळते. लेहमध्ये उकळी लवकर येते, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. लवकर उकळले म्हणजे लवकर शिजायला हवे, असा समज होऊन पुढे फजिती होते. अन्न शिजते ते तापमानामुळे, खळखळाटामुळे नव्हे. तांदळातला स्टार्च ७० अंशांच्या आसपास फुगून मऊ होऊ लागतो, म्हणून लेहच्या ८८ अंशांत भात उशिरा का होईना, होतो. अडून बसतात ती कडधान्ये. राजमा किंवा हरभरा उघड्या पातेल्यात शिजवण्याचा हट्ट तिथे धरला, तर रात्रीचे जेवण सकाळी होईल.

हा अनुभव नवा नाही. १८३५ सालच्या मार्च महिन्यात चार्ल्स डार्विन दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताची रांग ओलांडत होता. उंचावरच्या एका मुक्कामात त्याच्या सोबत्यांनी बटाटे उकळायला ठेवले. काही तास उकळले तरी ते कच्चेच राहिले. भांडे रात्रभर विस्तवावर ठेवले, सकाळी पुन्हा उकळले, तरीही बटाटे जसेच्या तसे. हवेचा दाब कमी झाल्याने पाणी कमी तापमानाला उकळत आहे, हे डार्विनला ठाऊक होते. त्याच्या सोबत्यांनी मात्र आपसांत निवाडा केला की, भांडे नवे आहे आणि त्या मेल्या भांड्याच्या मनातच बटाटे शिजवायचे नाहीत. भांड्याला दोष देणारे ते खेचरवाले आणि थंडीला दोष देणारे आपण, यांत फारसे अंतर आहे असे मला वाटत नाही.

हाच नियम उलटा वापरून उंची मोजता येते, आणि त्याचे सर्वांत रोमहर्षक उदाहरण आपल्याच देशातले आहे. कुमाऊँचे नैनसिंह रावत यांना भारताच्या सर्वेक्षण खात्याने देहरादूनला शिकवून तयार केले आणि १८६५ साली गुप्तपणे तिबेटच्या मोहिमेवर धाडले. त्या काळी परकीयांना तिथे मज्जाव होता, त्यामुळे सारी साधने यात्रेकरूच्या सामानात दडवलेली होती: जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, पावले मोजण्यासाठी, कवड्यांमध्ये पारा, ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी, आणि काठीच्या पोकळीत थर्मामीटर. ठिकठिकाणच्या मुक्कामांत पाणी उकळून त्यात हा थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा टिपून ठेवायचा. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले आणि त्या शहराची उंची त्यांनी याच रीतीने, उकळत्या पाण्यावरून काढली. लडाखच्या लेखाला जोड म्हणून नैनसिंहांवर एखादा स्वतंत्र लेख आपण छापावा, असे सुचवावेसे वाटते.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. मी तीस-बत्तीस वर्षे साखर कारखान्यांत केमिस्ट म्हणून काढली आणि साखर कारखाना म्हणजे, खरे पाहता, पाणी उकळून घालवून देण्याचा कारखाना. उसाच्या शंभर किलो रसात ऐंशी किलोंहून अधिक पाणी असते. ते उघड्या कढईत आटवले, तर रस तासन्‌तास १०० अंशांच्या वर राहतो, त्याचा रंग काळवंडतो आणि त्यातल्या साखरेचा काही भाग फुटून अशा दोन शर्करा बनतात, ज्या रसात असताना दाणा धरत नाहीत आणि शेवटी मळीत जातात. रस जाळल्याशिवाय पाणी घालवायचे, तर पाणी कमी तापमानाला उकळले पाहिजे. आणि ते साधायचे तर एक प्रकारे लेह, किंबहुना लेहच्या कितीतरी वरची हवा, कारखान्यात आणली पाहिजे. १८१३ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या रसायनज्ञाने नेमके हेच केले. त्याने साखरेचा पाक बंद भांड्यात ठेवून वरची हवा आणि वाफ पंपाने ओढून घेतली. आज आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात जो ‘पॅन’ असतो, तो त्याचाच वंशज.

त्यापुढची पायरी न्यू ऑर्लिन्सच्या नोर्बेर रिल्यूची. हा कृष्णवर्णीय मातेचा आणि गोऱ्या पित्याचा मुलगा पॅरिसला अभियांत्रिकी शिकला आणि गुलामगिरी अजून कायम असलेल्या अमेरिकेत परतून त्याने १८४३ आणि १८४६ साली आपल्या यंत्राची पेटंटे घेतली. त्याची युक्ती अशी की, रसाची भांडी एकापुढे एक जोडायची आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवायचा. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ निघते, ती दुसऱ्या भांड्याला तापवते. दुसऱ्यातला दाब कमी असल्याने तिथला रस त्या कमी तापमानाच्या वाफेनेही उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. बॉयलरकडून वाफ एकदाच घ्यायची आणि पाणी चार वेळा उडवायचे. आमच्याकडे या भांड्यांना ‘बॉडी’ म्हणतात. पहिल्या बॉडीत रस १०० अंशांच्या वर उकळत असतो आणि शेवटच्या बॉडीत ५५-६० अंशांना, तोही तितक्याच जोरात. नवख्या माणसाला हे काचेतून दाखवले, की शेवटच्या बॉडीतल्या खळखळाटाकडे पाहून तीच सगळ्यांत तापलेली असणार, असे तो हमखास सांगतो.

नोकरीच्या पहिल्या हंगामातली एक रात्र मला अजून आठवते. पॅनवर माझी पाळी होती. चोवीस इंच व्हॅक्यूमवर, म्हणजे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पाऱ्याच्या चोवीस इंचांनी कमी असताना, ६५ अंशांच्या आसपास, पॅन छान उकळत होता आणि दाणा बसत होता. एवढ्यात कंडेन्सरला थंड पाणी देणारा पंप बंद पडला. वाफेचे पाणी होणे थांबले, व्हॅक्यूम उतरत उतरत दहा इंचांवर आला आणि काचेमागची उकळी पाहता पाहता बसली. तापमान तर उतरले नव्हते, उलट काटा वर सरकत होता. मी गोंधळून स्टीमचा व्हॉल्व आणखी उघडायला धावलो, कारण उकळी बसली म्हणजे आच कमी पडली, हे लहानपणापासूनचे शिक्षण. आमच्या वयस्क पॅनमननी माझा हात धरला आणि म्हणाले, “साहेब, वर हवा येऊन बसलीया. खालनं जाळ वाढवून ती उठत न्हाई. आधी स्टीम बंद करा.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. वरचा दाब वाढला होता, पाकाचा बाष्पदाब त्याला पुरा पडत नव्हता, आणि मी आच वाढवली असती तर तापमान चढून बसलेला दाणा विरघळला असता, शिवाय नळ्यांवर पाक करपला असता. त्या गृहस्थांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. बाष्पदाबाची व्याख्या मी पदवीच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवून लिहिली होती.

याच व्हॅक्यूमच्या काट्याविषयी थोडे विषयांतर. आमच्याकडे समुद्रकाठच्या प्रदेशातून आलेले एक सहकारी काटा २९ इंचांवर का जात नाही म्हणून वारंवार गळती शोधायला लावत. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या ३० इंचांच्या आसपास असतो. कोल्हापूरच्या उंचीवर तो मुळात २८ इंचच असतो. काटा दाखवतो ते बाहेरच्या हवेपेक्षा आत किती कमी आहे, एवढेच. मुळात अठ्ठावीस असताना एकोणतीस वजा कुठून होणार?

एकाच उसाची दुसरी वाट गुऱ्हाळाकडे जाते आणि तिथे हा नियम दुसऱ्या अंगाने दिसतो. काहील उघडी असते, वर कोल्हापूरची साधी हवा, म्हणजे सुरुवातीला रस ९८-९९ अंशांना उकळतो. पण पाणी आटत जाते तसतसा पाक दाट होतो. पृष्ठभागावर आणि पोटात साखरेचे रेणू दाटीवाटीने बसल्याने पाण्याच्या रेणूंना निसटायला कमी वाव मिळतो, पाण्याचा बाष्पदाब उतरतो, आणि हवेशी बरोबरी करायला पाकाला अधिक तापावे लागते. काकवी १०५ अंशांच्या आसपास उतरवतात. गुळाची काहील ११८ अंशांच्या जवळपास जाते. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी पाहतो, पण तो अजमावत असतो ते पाकात उरलेल्या पाण्याचे प्रमाण, आणि म्हणूनच तापमानही. घरातला एकतारी आणि गोळीबंद पाकही त्यातलाच. डाळीच्या पाण्यात मीठ घातले की ते लवकर उकळते, हा समज मात्र सोडून द्यावा: लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम मीठ उत्कलनबिंदू जेमतेम ०.२ अंशाने वाढवते, कमी करत नाही.

राहिला कुकर, ज्याचा उल्लेख लेखात यायला हवा होता आणि आला नाही. पॅनमध्ये आपण दाब कमी करतो, कुकरमध्ये वाढवतो. १६७९ साली दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने घट्ट झाकणाचे भांडे बनवून त्यात हाडेही मऊ शिजवून दाखवली आणि भांडे फुटू नये म्हणून त्याला वजनाने दाबलेली झडप बसवली. आपली शिट्टी त्या झडपेचीच नात. शिट्टीचे वजन वाफेच्या छिद्रावर बसते आणि बाहेरच्या हवेपेक्षा आत साधारण एक वातावरण, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा, अधिक दाब साठला, की उचलले जाते. म्हणजे कोल्हापूरला आतला एकूण दाब दोन वातावरणांच्या थोडा खाली असतो आणि पाणी ११९-१२० अंशांना पोहोचते. शिट्टीला फरक तेवढा कळतो, एकूण दाब कळत नाही, म्हणून लेहला तीच शिट्टी थोड्या कमी दाबालाच वाजते. तरीही आतले पाणी ११५ अंशांच्या आसपास जाते. उघड्या पातेल्यातले ८८ आणि कुकरमधले ११५, हा फरक राजम्यासाठी आकाशपाताळाचा आहे. लडाखमधील घरोघरी कुकर का असतो, याचे उत्तर एवढेच. आपल्याकडून शिट्ट्यांची संख्या तीच ठेवली तर डाळ थोडी कणीदार राहील, एक-दोन वाढवाव्यात.

कुकरची आणखी एक गोष्ट कंपनीच्या पुस्तिकेत असते आणि कोणी वाचत नाही. वाफ सणसणीत येऊ लागल्यावरच शिट्टी लावा, असे सांगतात, ते आतली हवा बाहेर जावी म्हणून. हवा आत कोंडून राहिली, तर एकूण दाबातला काही वाटा हवेचा असतो. शिट्टी वेळेवर वाजते, पण वाफेचा वाटा कमी असल्याने तापमान कमी राहते. दवाखान्यात उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातही १२१ अंशांचा आकडा गाठण्यापूर्वी हवा हाकलून द्यावी लागते, ती याचसाठी. आणि शिजून झालेल्या कुकरवर घाईने थंड पाणी ओतून लगेच शिट्टी उचलली, की वरणाचा फवारा छताला का लागतो, तेही यावरून कळते: थंड पाण्याने वरची वाफ पाणी होऊन बसते, दाब एकदम उतरतो, आणि ११० अंशांचे वरण त्या उतरलेल्या दाबाखाली पुन्हा उसळून उकळू लागते. गार पाण्याने उकळी आणायचा हा प्रयोग पूर्वी शाळेत काचेच्या चंबूत पाणी उकळून, बूच लावून, ते उपडे धरून करून दाखवत. आमच्या मास्तरांनी तो केला तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांना ती हातचलाखी वाटली होती.

आता मूळ मुद्द्यासंबंधी दोन विनंत्या. पहिली, पुरवणीच्या पुढील अंकात एका ओळीची दुरुस्ती छापावी. दुसरी विनंती विज्ञान शिकवणाऱ्या वाचकांना: पाण्याचा उत्कलनबिंदू सांगताना ‘सामान्य वातावरणीय दाबाला’ हे शब्द पाठांतरात जातात आणि परीक्षेनंतर गळून पडतात, त्यांचा अर्थ दहा रुपयांच्या सिरिंजने दाखवता येतो. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये ५०-६० अंशांचे कोमट-गरम पाणी थोडेसे घ्यावे, आतली हवा पूर्ण बाहेर काढावी, तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या ओढावा. पाणी हातात धरवेल इतकेच गरम असताना खळखळून उकळते, आणि दट्ट्या सोडला की लगेच शांत होते.

आणि लेखिका पुन्हा लेहला जाणार असतील, तर त्यांनी सोबत स्वयंपाकाचा एक थर्मामीटर न्यावा आणि उकळत्या पातेल्यात बुडवून पाहावा. महिना जुलै असो वा जानेवारी, काटा ८८ च्या आसपास थांबेल.

आपला,
एक निवृत्त साखर रसायनज्ञ,
कोल्हापूर